गाडी सुरू होत नाही, इंजिनचा दिवा विझत नाही : बिघाड शोधायचा कसा?

गाडी सुरू झाली नाही की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "काय बदलायचं?" कुणी बॅटरी सुचवतं, कुणी प्लग, कुणी सेन्सर. नव्याने शिकणाऱ्याने हा प्रश्न निदान अर्धा तास तरी बाजूला ठेवावा. त्याआधी विचारायचा प्रश्न असा : किल्ली फिरवल्यावर नेमकं काय झालं? आवाज आला का, कसला आला, दिवे मंद झाले का, इंधनाचा वास आला का? याचं नीट उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. उत्तर न शोधता सुटे भाग बदलत गेलात तर पैसाही जातो आणि मूळ बिघाड तिथेच राहतो.

सुरू न होणं आणि धूर बिघडणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्यांचं घराणं एकच आहे. पेट्रोल इंजिनाला हवा लागते, इंधन लागतं, ठिणगी लागते आणि सिलिंडरमध्ये दाब लागतो. हे सगळं योग्य वेळी जुळून यावं लागतं. यातलं एखादं अजिबात मिळालं नाही तर गाडी सुरू होत नाही. मिळतं पण कमी-जास्त मिळतं, तेव्हा गाडी चालते, मात्र सायलेन्सरमधून बाहेर पडणारा वायू बिघडतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. आज उशिरा सुरू होणारी गाडी पुष्कळदा महिनाभर आधीपासून धुरातून सांगत असते.

हाताशी काय हवं

साधा मल्टीमीटर, चालू इंजिनाची आकडेवारी दाखवणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र), टॉर्च आणि वही. फक्त कोड, म्हणजे संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, वाचणारा स्कॅनर घेऊ नका, त्याने पुढच्या निम्म्या तपासण्या करता येत नाहीत. वहीचंही महत्त्व तितकंच. मोजलेला प्रत्येक आकडा लिहायचा, कारण दुपारी पाहिलेला व्होल्टेज संध्याकाळी आठवत नाही. किल्ली फिरवायला दुसरं माणूस असेल तर फार बरं.

सुरक्षेत तडजोड नको. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. बंद जागेत इंजिन चालवू नका; कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो जीव घेतो. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तेव्हा तिथे हात घालताना जपा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा आग नको. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड वायरींना प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही.

पायरी १ : आधी ऐका

किल्ली फिरवा किंवा बटण दाबा, आणि फक्त ऐका. तक्रार चारपैकी एका प्रकारात बसते. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, फिरतच नाही. सेल्फ फिरतो पण इंजिन सुरू होत नाही. इंजिन सुरू होतं आणि लगेच बंद पडतं. किंवा सुरू होतं, पण फार वेळ सेल्फ मारावा लागतो. प्रत्येकाची वाट वेगळी आहे, त्यामुळे प्रकार ठरल्याशिवाय बोनेटखाली हात घालू नका.

आणि सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. स्टार्टर मोटर काही सेकंदांच्या कामासाठीच बनवलेली असते. सतत फिरवली तर तापते, आणि मग एका बिघाडाचे दोन होतात.

पायरी २ : सेल्फ फिरत नसेल तर

भराभर 'टिक-टिक-टिक-टिक' आवाज येत असेल तर बॅटरीत दम नाही किंवा तिचं कनेक्शन सैल आहे. एकदाच 'खट्' होऊन शांतता पसरली तर स्टार्टर, त्याचा सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) किंवा जाड केबलीकडे संशय जातो. काहीच आवाज नसेल तर स्टार्टरला हुकूमच पोचत नाही : फ्यूज, रिले, क्लचचा स्विच, ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रलचा स्विच, किंवा इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी किल्लीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा.

हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे पार मावळले तर बॅटरी किंवा कनेक्शन. दिवे जसेच्या तसे राहिले तर स्टार्टरपर्यंत करंट जातच नाही. एक पैसाही खर्च न करता होणारी ही तपासणी मी आजही सगळ्यात आधी करतो.

आता मल्टीमीटर. गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीच्या दोन टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नका. म्हातारी बॅटरी ओझं नसताना १२.६ दाखवते आणि ओझं पडलं की कोसळते. म्हणून सेल्फ मारत असताना मोजा. साधारण हवामानात तेव्हाही आकडा ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन सुरू झालं की १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला, तर अल्टरनेटर चार्ज करतोय. नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम वर-खाली करतो, त्यामुळे तिथे थोडा फरक दिसला तर लगेच घाबरू नका.

मग केबली. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण नवशिके हीच पायरी गाळतात आणि चांगला स्टार्टर उगाच बदलला जातो. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचली असेल तर ती दिसते. पण गंज केबलीच्या रबरी आवरणाच्या आतही शिरतो, तिथे तो दिसत नाही. तो पकडायचा असा : मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या धन खांबावर लावा, क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच. काळं टोक स्टार्टरच्या जाड बोल्टवर. आता सेल्फ मारायला सांगा. केबल निरोगी असेल तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. तो एक-दोन व्होल्टवर गेला तर तेवढा जोर केबलीतच खर्च होतोय. मग अर्थिंग, म्हणजे इंजिनापासून बॅटरीकडे परतणारी वाट, बघा : एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या ऋण खांबावर. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नको.

माझ्या स्वतःच्या गाडीत असंच झालं होतं. तीन दिवस मी रोज रात्री बॅटरी चार्जिंगला लावत होतो आणि सकाळी पुन्हा 'खट्'. बॅटरी नवी, टर्मिनल घासून चकचकीत केलेली. शेवटी अर्थिंगवर मीटर लावला तर सेल्फ मारताना १.८ व्होल्ट. गिअरबॉक्सखालची विणलेली अर्थिंगची पट्टी वरून धड दिसत होती, पण बोल्ट सोडवून ओढल्यावर तारा हिरव्या भुकटीसारख्या हातात आल्या. पट्टी बदलली आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला.

बॅटरी एका रात्रीत उतरत असेल तर गाडी बंद असताना काहीतरी करंट पितंय. दारं लॉक करून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, म्हणजे गाडीतले संगणक झोपतात, आणि मग करंट मोजा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा पडतो, दोषी त्याच फांदीवर आहे.

पायरी ३ : सेल्फ फिरतो, इंजिन सुरू होत नाही

पुन्हा कान द्या. निरोगी इंजिनाचा सेल्फ लयीत फिरतो, प्रत्येक दाबाला आवाज जरासा जड होतो. तो नेहमीपेक्षा भराभर, एकसारखा आणि हलका वाटला तर टायमिंग बेल्ट किंवा चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी) तुटल्याची शक्यता आहे. तिथेच थांबा. अनेक इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि सेल्फ मारत राहणं म्हणजे नुकसान वाढवणं.

डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल, किंवा इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल, तर इमोबिलायझरने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा. इंजिन उघडण्याआधी करायची ही गोष्ट आहे.

मग स्कॅनर लावा आणि सेल्फ मारत असताना आरपीएम पाहा. दीडशे-दोनशेच्या पुढे काहीतरी दिसलं पाहिजे. सेल्फ फिरतोय आणि स्कॅनरवर शून्य, तर इंजिनाचं फिरणं ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरकडून संगणकाला खबरच नाही. खबर नसेल तर संगणक ठिणगीही देत नाही आणि इंधनही सोडत नाही. ठिणगी आणि इंधन दोन्ही एकदम गायब असतील तर दोन्हींना जोडणारा हाच दुवा आधी तपासा. सेन्सर बदलण्याआधी त्याच्या वायरीचा जोड सोडवून आत पाणी, तेल, वाकलेली पिन आहे का ते बघा. बिघडत चाललेला हा सेन्सर पुष्कळदा गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू लागतो. 'गाडी वाटेत बंद पडली, अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली' ही हकिगत ऐकली की माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

आरपीएम दिसतोय, तर इंधन. गोंगाट बंद करा, फक्त इग्निशन चालू करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून साधारण दोन सेकंद बारीक 'गुंऽऽ' आवाज आला पाहिजे. तो इंधन पंप पाइपमध्ये दाब तयार करतोय. आवाज नसेल तर फ्यूज, रिले आणि काही गाड्यांत अपघातानंतर पंपाची वीज तोडणारा स्विच तपासा. पण आवाज आला म्हणजे दाब आहेच असं धरू नका. तो गेजवरच कळतो. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, इंजेक्शन असलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो ३ ते ४ बारच्या घरात असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांत दाब याच्या कितीतरी पट असतो, तिथला पाइप नवख्याने सोडवू नये. कातडी फाडून आत शिरेल इतका तो जोर असतो.

ठिणगी पाहायला स्पार्क टेस्टर वापरा. प्लग हातात धरून किंवा कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) लोंबकळत ठेवून सेल्फ मारायची जुनी सवय सोडून द्या. शॉक बसतो, कॉइल जळते आणि उडालेलं पेट्रोल पेट घेऊ शकतं. प्लग काढलाच आहे तर तो वाचा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग सांगतो की इंधन पोचतंय, पण जळत नाही. ठक्क कोरडा असेल तर इंधन पोचलेलंच नाही. फिकट तपकिरी रंग निरोगी. काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. तेलकट काळा म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल उतरतंय.

सगळेच प्लग ओले असतील तर इंजिन इंधनाने बुडालेलं आहे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मग सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केल्यावर संगणक इंधन बंद करतो आणि आत साचलेलं बाहेर फेकलं जातं. इंजिन सुरू झालं की पाय लगेच उचला.

आरपीएम आहे, इंधन आहे, ठिणगी आहे आणि तरीही सुरू होत नाही, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायची वेळ आली. बहुतेक पेट्रोल इंजिनांत ते १० ते १४ बारच्या दरम्यान येतं. आकड्याइतकंच सिलिंडरांमधलं अंतर महत्त्वाचं : एखादा बाकीच्यांपेक्षा बराच मागे पडला तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट.

पायरी ४ : सुरू होतं, पण फार उशिरा

इथे विचारायचं : केव्हा? रात्रभर उभी राहिल्यावर, की गरम असताना, की पेट्रोल भरल्यावर?

रात्रभर उभी राहिल्यावर त्रास असेल तर सेल्फ न मारता इग्निशन दोन-तीन वेळा चालू-बंद करा, दर वेळी पंपाचा आवाज संपू द्या, आणि मग सेल्फ मारा. झटकन सुरू झाली तर रात्रीतून पाइपमधला दाब उतरतोय : पंपातला चेक व्हॉल्व्ह (इंधन मागे जाऊ न देणारा) किंवा गळका इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा). फरक पडला नाही तर स्कॅनरवर कूलंटचं तापमान पाहा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखं असायला हवं. कूलंट ८० अंश दाखवत असेल तर संगणकाला इंजिन गरम वाटतं आणि तो थंड इंजिनाला हवं तेवढं जादा इंधन देत नाही. उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे. तेव्हा संगणकाने त्यावर विश्वास ठेवला तर तो इंधन ओततच राहतो, गाडी काळा धूर सोडते आणि प्लग काजळतात. सुरू होण्याची तक्रार आणि धुराची तक्रार एकाच वायरीवर कशी लटकते, ते इथे दिसतं.

फक्त पेट्रोल भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह तपासा. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठवून ठेवतात आणि योग्य वेळी इंजिनात सोडतात. ते दार म्हणजे हा व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला की टाकी भरताना तयार झालेली वाफ थेट इंजिनात शिरते आणि मिश्रण घट्ट होतं, म्हणजे त्यात इंधन जास्त होतं. व्हॉल्व्ह काढा आणि वीज न देता त्यातून फुंकून बघा. हवा आरपार गेली तर तो बाद.

डिझेलमध्ये ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटतं. म्हणून सेल्फ मंद फिरला तर डिझेल इंजिन सुरूच होत नाही. बॅटरी आणि केबली तिथे दुप्पट महत्त्वाच्या. सेल्फ मारताना मागे बघायला कुणालातरी उभं करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही : ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारा) किंवा कॉम्प्रेशन. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही : फिल्टर, पाइपात शिरलेली हवा, पंप.

पायरी ५ : इंजिनचा दिवा

दिवा स्थिर असेल तर गाडी जपून चालवत नेता येते. तो लुकलुकत असेल तर नाही. लुकलुकणं म्हणजे इंजिन इतकं मिस होतंय (सिलिंडरमधलं इंधन पेटायचं चुकतंय) की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, वायू स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथे पेटतंय. ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबा.

कोड वाचायचा सॉकेट सोळा पिनांचा असतो, स्टिअरिंगखाली किंवा आसपास. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, युरोपात २००१ पासून पेट्रोल गाड्यांना तसंच बंधन आलं. त्यामुळे सामायिक कोडचा अर्थ कंपनी बदलली तरी बदलत नाही. पहिलं अक्षर 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. पुढचा अंक ० असेल तर कोड सर्वांना सामायिक, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. स्कॅनरला वीजच मिळत नसेल तर सिगारेट लायटरचा फ्यूज बघा, अनेक गाड्यांत दोन्ही एकाच फ्यूजवर असतात.

कोड दिसला की पुसू नका. आधी वहीत उतरवा आणि त्यासोबतची फ्रीझ फ्रेम उघडा. कोड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, ओझं किती होतं, ते तिथे गोठवून ठेवलेलं असतं. पुसला की हा पुरावा गेला.

आणि एक गोष्ट मनात पक्की करा : कोड गल्ली सांगतो, घर नाही. पी०१७१ म्हणजे 'मिश्रणात इंधन कमी पडतंय'. त्याचा अर्थ 'ऑक्सिजन सेन्सर बदला' असा होत नाही. उलट तो सेन्सर आपलं काम करतोय म्हणून तर ही खबर मिळाली. मी शिकत असताना एका गाडीवर हाच कोड होता. तिचा सेन्सर आधीच दोनदा बदलला होता आणि कोड दर वेळी परत आला. हवेच्या फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारा रबरी पाइप मी हातात धरून वाकवला, तर घडीच्या तळाशी बोटभर लांब चीर उघडली. पाइप सरळ असताना ती मिटलेली, दिसायची सोय नाही. इंजिन हललं की ती उघडायची आणि न मोजलेली हवा आत जायची.

अशी चीर आकड्यांवरून कशी ओळखायची? फ्युएल ट्रिम बघून. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूवरून हा हिशेब जुळतोय का ते सांगतो आणि संगणक इंधन थोडं वाढवतो किंवा घटवतो. ही वाढ-घट म्हणजे ट्रिम. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज शून्याच्या आसपास असावी. पाचेक टक्के इकडे-तिकडे चालतं, दहाच्या पुढे गेली तर शोध सुरू करा. अधिक म्हणजे संगणक इंधन वाढवतोय, उणे म्हणजे कापतोय.

इंजिन गरम करा, आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ट्रिम लिहा. मग २५०० आरपीएमवर धरून पुन्हा लिहा. आयडलिंगला अधिक २० आणि रेस केल्यावर ५, तर चोरून हवा शिरतेय. इंजिन कमी हवा घेत असताना चोरीचा वाटा मोठा असतो, जास्त घेऊ लागलं की तो नगण्य होतो. उलट आयडलिंगला ठीक आणि ओझ्याखाली ट्रिम चढत गेली, तर इंधन अपुरं पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळून कमी आकडा सांगतोय. ही दोन निरीक्षणं दहा मिनिटांत होतात आणि शोधाची दिशा ठरवतात. म्हणून मी म्हणतो, एक गोष्ट शिकायची तर ट्रिम वाचायला शिका.

मिस होणारा सिलिंडर

पी०३०० म्हणजे कोणताही ठरावीक सिलिंडर नाही, पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ म्हणजे दुसरा, आणि असंच पुढे. समजा पी०३०२ आहे. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट हलवा. दोन एकदम हलवल्या तर दोष कुणाचा होता ते कधीच कळत नाही.

पी०४२० सोबत मिसफायरचा किंवा मिश्रणाचा कोड असेल तर पी०४२० ला शेवटी हात लावा. हा कोड सांगतो की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. पण कन्व्हर्टर क्वचितच आपोआप मरतो. मिस होणारं इंजिन त्याला भाजून काढतं, जळणारं ऑइल त्यावर थर चढवतं. मूळ कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जातो. तपासायचं असं : इंजिन चांगलं गरम झाल्यावर दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचा आलेख लावा. जुन्या धाटणीच्या पुढच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली नाचतो. कन्व्हर्टरच्या मागचा मात्र ०.६-०.७ च्या आसपास शांत असावा. तोही पुढच्यासारखाच नाचू लागला तर कन्व्हर्टर थकला. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) असतो, तो असा नाचत नाही. तिथे फक्त मागचा शांत आहे का ते बघा. त्याआधी सायलेन्सरच्या जोडांवर फुसफुस येते का ते ऐका. गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो.

पी०४४२ आणि पी०४५५ हे वाफेच्या गळतीचे कोड. सुरुवात इंधनाच्या टाकीच्या झाकणापासून करा : रबर चिरलं आहे का, झाकण टिकटिक करेपर्यंत बसलं आहे का. टाकी भरताना नोझल एकदा थांबलं की आणखी कोंबू नका, कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरून तो खराब होतो. पी०१२८ म्हणजे इंजिन हवं तितकं तापत नाही, बहुतेकदा उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलंटचं दार). थंड इंजिन जास्त इंधन पितं. ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तर आयडलिंग थरथरतं आणि गाडी बंद पडते, बंद अडकला तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात.

धूर आणि वायूचे आकडे

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे सिलिंडरमध्ये कूलंट. थंडीत सुरुवातीला दिसणारी विरळ वाफ निरोगी आहे. सडक्या अंड्याचा वास येत असेल तर बहुधा मिश्रण घट्ट आहे आणि कन्व्हर्टर त्याखाली दमतोय.

धूर तपासणीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर इंधन जास्त. हायड्रोकार्बन जास्त असतील तर इंधन न जळता बाहेर येतंय, म्हणजे मिस होतंय. हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी असेल तर मिश्रण इतकं पातळ आहे की पेटता पेटता विझतंय, किंवा ठिणगीच चुकतेय. तपासणीला जाण्याआधी गाडी निदान पंधरा-वीस मिनिटं चालवा, कारण कन्व्हर्टर सुमारे २५०-३०० अंशांच्या पुढे तापल्यावरच काम सुरू करतो. डिझेलच्या काजळी-फिल्टरचंही तसंच. आतली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश लागतात, नुसत्या छोट्या फेऱ्यांत ते साधत नाही आणि फिल्टर तुंबतो.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. पुसल्यावर गाडीचा संगणक स्वतःच्या चाचण्या नव्याने सुरू करतो, आणि स्कॅनरच्या 'रेडिनेस' पानावर त्या 'अपूर्ण' दिसतात. तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून जाऊ नका. अनेक ठिकाणी अपूर्ण चाचण्यांची गाडी परत पाठवतात. चाचण्या पूर्ण व्हायला गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी सुरू करून दोन मिनिटं आयडलिंगला ठेवा, मग मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं एकसारख्या वेगात चालवा आणि मधून ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्या. वाफेच्या चाचणीसाठी टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी नको, निम्म्याच्या आसपास बरी.

तीन-चार दिवसांनी स्कॅनर पुन्हा लावा आणि 'पेंडिंग' कोड बघा. दिवा लागण्याआधी बिघाड तिथे डोकावतो. ते पान रिकामं असेल, रेडिनेस पूर्ण असेल, आणि आयडलिंगची ट्रिम पहिल्या दिवशीच्या २० वरून २-३ वर आलेली असेल, तर दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहा, तारीख टाका आणि बोनेट लावा.